ॲक्सोलॉटलच्या पिल्लांचा पहिला घास: आर्टेमिया की डॅफ्निया?

ॲक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, कल्ल्यांचा सॅलॅमँडर. त्याचं अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असतं. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निघतात, मग मात्र समोर काहीतरी वळवळणारं लागतं. निपचित पडलेल्या अन्नाकडे ते ढुंकूनही बघत नाही. मायक्रोवर्म (बारीक सूतकृमी) तळाशी बसतात आणि त्यांच्यावर पिल्लं फारशी भरतही नाहीत, म्हणून ते मी बाजूलाच ठेवतो.

आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची, बाजू भक्कम आहे. बाटलीत मिठाच्या पाण्यात त्याची अंडी टाकून हवा सोडली की २४ ते ३६ तासांत अर्ध्या मिलिमीटरएवढे जीव तयार होतात, अगदी नवख्या पिल्लाच्याही तोंडात मावणारे. पिल्लाचं पोट केशरी दिसलं की खाल्लं, हे लगेच कळतं.

पण गोड्या पाण्यात हे जीव काही तासांतच मरतात, आणि इथंच माझं बिनसलं. सकाळी घातलेला खुराक संध्याकाळी तळाशी केशरी साका होऊन बसतो. तसाच राहिला तर बुरशी धरते, पाणी वास मारतं. तो ड्रॉपरने उपसायचा, तर नेमकी त्यातच पिसासारख्या कल्ल्यांची पिल्लं पहुडलेली. एखादं ओढलं जाईल या धास्तीनं हात आखडतो. उपसून होतंय तोवर उद्याची बाटली लावायची वेळ होते.

डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, गोड्या पाण्यातलाच. उरला तर पोहत राहतो, मध्यरात्रीही पिल्लाला सापडतो. पुढचे पाय फुटू लागले की पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात. ते पुन्हा उगवतात हे खरं, पण समोर सतत खाणं असलं तर हा प्रकार कमी होतो, निदान माझ्या टबात तरी.

खोडी त्यालाही आहेत. मोठा डॅफ्निया लहान पिल्लाच्या तोंडात जात नाही. बारीक जाळीतून गाळून घ्यावा, नाहीतर सरळ मोइना हा त्याचा भाऊबंद वाढवावा, तो मुळातच लहान. शिवाय कल्चर, म्हणजे टबात वाढवलेला डॅफ्निया, कधीकधी रातोरात मरून जातं, म्हणून दोन टब हवेत. सुरुवात मात्र ॲक्सोलॉटलच्या मादीने अंडी घातली त्याच दिवशी करा. अंडी फुटायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्यात टब भरून येतो.

अंडी फुटायला आली आणि कल्चर तयार नसेल, तर अर्थात आर्टेमियाच. पिल्लं मोजकी असतील आणि रोज पाणी बदलायला हरकत नसेल, तर तुम्हाला कदाचित तेच सोयीचं वाटेल. मी आता बाटली पहिल्या आठवड्यापुरतीच लावतो.