जेल रंगवायचं कशानं: कुमॅसी, सिल्व्हर की सायप्रो?

प्रथिनं वेगळी केलेल्या जेलवरचा बँड, म्हणजे प्रथिनाचा पट्टा, नुसता बघायचा आहे, मोजायचा आहे, की कापून प्रथिन ओळखायला मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवायचा आहे? आधी हे ठरवा, म्हणजे डाय निवडणं सोपं जातं.

बघण्यापुरतं काम असेल आणि प्रथिन भरपूर असेल, तर कुमॅसी घ्या. निळा बँड उघड्या डोळ्यांना दिसतो, यंत्र लागत नाही. कोलॉइडल कुमॅसीत साधारण 10 नॅनोग्रॅमपर्यंतचं प्रथिन दिसतं. शुद्धीकरण जमलं की नाही एवढंच तपासायला महागडा फ्लुरोसंट (प्रकाश टाकला की चमकणारा) डाय ओतणं मला उधळपट्टी वाटते.

सिल्व्हर 1 नॅनोग्रॅमच्याही खाली जातं. पण रंग किती चढेल हे डेव्हलपिंग कधी थांबवलं त्यावर असतं, त्यामुळे कालच्या आणि आजच्या जेलची तुलना करायची म्हणजे पंचाईत. त्यात ग्लुटराल्डिहाइड वापरलं असेल, तर ते प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीत फारसं काही हाती लागत नाही.

मोजायचं असेल तर मी सायप्रो रुबी हा फ्लुरोसंट डायच घेते. संवेदनशीलता जवळपास सिल्व्हरइतकी, शिवाय प्रथिन साधारण हजारपट वाढेपर्यंत चमकही त्याच प्रमाणात वाढते. अंधुक आणि ठळक बँड एकाच जेलवर मोजता येतात. रात्रभर ठेवलं तरी रंग जास्त चढत नाही आणि बँड कापून पुढे पाठवता येतो. मात्र डबा प्लास्टिकचा हवा, कारण काचेला हा डाय चिकटतो. पावडरचे हातमोजेही नकोत, त्यांचे ठिपके उमटतात. एकदा मी जेल उघड्या हातानं उचललं होतं. इमेजरमध्ये (जेलचा फोटो काढणाऱ्या यंत्रात) दोन लेनच्या, म्हणजे नमुन्यांच्या दोन रांगांच्या, मधोमध अंगठ्याचा ठसा चमकत होता, रेघा मोजाव्यात इतका स्पष्ट. त्या दोन्ही लेन सोडून द्याव्या लागल्या.

घाई असेल तर सायप्रो ऑरेंज तासाभरात रंगतो, पण संवेदनशीलता रुबीपेक्षा कमी. तो प्रथिनाभोवतीच्या एसडीएसला (जेल चालवताना वापरलेल्या डिटर्जंटला) धरून चमकतो. म्हणून आधी मिथेनॉलमध्ये फिक्स (प्रथिन जेलमध्ये पक्कं) करू नका. एसडीएस निघून गेलं की चमकही जाते. जेल थेट 7.5 टक्के अ‍ॅसिटिक आम्लातल्या डायमध्ये टाका.

आणि बाटली मागवण्याआधी इमेजरचे फिल्टर बघून या. रुबीला अतिनील किंवा 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश लागतो, चमक 610 च्या सुमारास मिळते. तसा फिल्टर नसेल, तर सध्या कोलॉइडल कुमॅसीवरच काम भागवा.