पॉवर विंडोची मशीन बदलून नऊ महिने झाले, त्याची गोष्ट

मार्चमध्ये पुण्याहून साताऱ्याला येताना आनेवाडी टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाईना, म्हणून ड्रायव्हर बाजूची काच खाली घेतली. वर घेताना दारात कडकड वाजलं, काच तिरकी झाली आणि दाराच्या पोटात गडप. पुढं घरापर्यंत ट्रकांचा धूर खात आलो. बायको म्हणाली, "आधी तोंड धुवा, मग आत या."

बटण दाबलं की मोटर आत फिरल्याचा आवाज येत होता. म्हणजे फ्यूज, स्विच, वायर सगळं ठीक. तुटलं होतं ते काच ओढणारं रेग्युलेटर, ज्याला गॅरेजवाले मशीन म्हणतात. आवाजच आला नसता तर आधी फ्यूज पाहिला असता, मग दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरी. दार उघडून-मिटून त्या तिथंच तुटतात.

सर्व्हिस सेंटरनं मोटरसकट साडेसहा हजार सांगितले. मोटर चांगली आहे म्हटलं, तर "सुटं येत नाही." मग ओळखीच्या वायरमनकडं गेलो. बाहेरच्या कंपनीची मशीन 1,350 आणि मजुरी 400.

डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढल्यावर दिसलं, की काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा फुटलाय आणि काच ओढणारी केबल ज्या ड्रमवर गुंडाळली जाते, त्यावर गुंतलीय. मी जुन्या मशीनला शिव्या घालत होतो. वायरमन म्हणाला, "मशीनला कशाला बदनाम करताय साहेब, रबर बघा की!" काच ज्या रबरी खाचेतून सरकते, ती दहा वर्षांच्या धुळीनं कडक झाली होती. काच अडकते, मोटर तरी ओढत राहते, आणि सगळा ताण त्या बारक्या तुकड्यावर येतो. काच हळू चढायला लागली तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी वर्षभर बोटानं काचेला हातभार लावत बसलो. त्यानं खाच ओल्या फडक्यानं पुसली, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारला. तेल किंवा ग्रीस तिथं नको, धूळ चिकटते.

आता नऊ महिन्यांचा हिशोब. काच रोज वर-खाली होते, एकदाही अडकली नाही. आवाज मात्र मूळ मशीनपेक्षा जरा जास्त आहे.

खरा त्रास झाला तो जुलैत. कासला निघालो, यवतेश्वर घाटात धो धो पाऊस, आणि परत येईपर्यंत पायाखालची मॅट भिजून चिंब. वाटलं, काच नीट बसत नाही. पण पावसाचं पाणी दारात जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. डोअर पॅडच्या मागं जो प्लॅस्टिकचा कागद असतो, तो ते पाणी आत येऊ देत नाही. आमचा कागद काम झाल्यावर घाईत नुसता टेकवून ठेवला होता. वायरमननं चूक कबूल केली, नवीन चिकटपट्टी लावून दिली, पैसे घेतले नाहीत. तुम्ही काम करून घ्याल तेव्हा पॅड बसवायच्या आधी तो कागद चारी बाजूंनी चिकटलाय ना, हे स्वतः बघा. पॅडच्या क्लिपाही मोजा. आमची एक गायब आहे आणि गल्लीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर ती आठवण करून देते.

आता मागची डावी काच हळू चढायला लागलीय. रविवारी फडकं आणि स्प्रे घेऊन बसणार आहे.