ग्रँड आयलंडला जाताना: सनस्क्रीन की पूर्ण बाह्यांचा शर्ट?

भाची डिसेंबरात गोव्याच्या ग्रँड आयलंडला स्नॉर्केलिंगला येतेय. "मावशी, सनस्क्रीन घेऊ की तो अंगाला घट्ट बसणारा पोहायचा शर्ट?" असं तिने विचारलं.

आधी समुद्रातल्या प्रवाळांचं बघू, कारण अंगावरचं सनस्क्रीन पाण्यात उतरतं. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं प्रवाळांना घातक ठरू शकतात, म्हणून हवाईने २०२१ पासून ती असलेल्या सनस्क्रीनची सर्वसाधारण विक्री थांबवली. झिंक ऑक्साइडचं त्यापेक्षा बरं. पण ट्यूबवरच्या 'रीफ सेफ' (प्रवाळांना सुरक्षित) या शब्दांना सर्वमान्य व्याख्याच नाही, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचायची. बोटीच्या शिडीजवळ पाण्यावर पसरणारा रंगीत तेलकट तवंग मी पाहिलाय. तेव्हापासून मन शर्टाकडेच झुकतं; त्यातून सनस्क्रीनची रसायनं पाण्यात उतरत नाहीत.

खर्च? ट्यूब संपते, शर्ट काही मोसम टिकतो. कष्टही कमी: सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून वर आल्यावर पुन्हा लावावं लागतं. शर्ट फक्त गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा. चेहरा, मान, पावलं मात्र तो झाकत नाही.

प्रवाळांचा मोठा वैरी तापलेला समुद्रच. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरे पडणं, जाहीर झालं. ते आपण ट्यूब बदलल्याने थांबणार नाही. पण उष्णतेने आधीच थकलेल्या प्रवाळावर आपण आणखी भार का टाकायचा?

तासभर पाण्यात तरंगणार असशील तर शर्टच घे, उघड्या भागाला थोडं झिंकवालं लाव. नुसतं बोटीत बसून डॉल्फिन बघायचे असतील, तर टोपी, ओढणी आणि तीच छोटी ट्यूब पुरे.