रोस्टर (पायलटच्या ड्यूटीचं वेळापत्रक) वाचणारं सीए ऑफिस, दांडिया बाजार, बडोदा

बडोद्यात सीए गल्लोगल्ली आहेत. पण "विमान व्हिएतनाममध्ये उडवतो, वीस दिवस तिकडे, दहा दिवस घरी" असं सांगितल्यावर पुढचा प्रश्न नेमका विचारणारं ऑफिस मला हे एकच भेटलं. बाहेरच्या कंत्राटावर असलेल्या बडोदेकर पायलटांसाठी जरा सविस्तर लिहितोय.

मी ए-३२१ वर कमांडर आहे. पगार देणारी एजन्सी एका देशात, एअरलाइन दुसऱ्या देशात आणि बायको-मुलं बडोद्यात मांजलपूरला. आधीच्या सल्लागाराने माझी फाइल सरळ मर्चंट नेव्हीवाल्यांच्या साच्यात घातली होती. "बाहेर कमावता ना, मग एनआरआय, विषय संपला." पगारही त्याच्याच सांगण्यावरून थेट इथल्या एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं) यायचा.

या ऑफिसच्या सीए मॅडमनी पहिल्या भेटीत उत्पन्न किती हे विचारलंच नाही. "कॅप्टन, रोस्टर आणा, पासपोर्ट आणा आणि कंत्राट शेवटच्या पानापर्यंत आणा." कंत्राट त्यांनी माझ्यासमोर बसून वाचलं आणि पगार कुठल्या खात्यात जमा होणार, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली. अनिवासी असलात तरी भारतात हाती पडलेला पगार प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५ खाली इथे करपात्र धरला जाऊ शकतो. एप्रिल २०१७ मध्ये सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) परिपत्रक क्र. १३ काढून अनिवासी खलाशांना यातून सोडवलं: जहाजावरच्या कामाचा पगार केवळ एनआरई खात्यात आला म्हणून कर नाही. त्या परिपत्रकात पायलटचं नावही नाही. जहाजावर चढल्या-उतरल्याच्या नोंदींवरून दिवस मोजायचा नियम १२६ सुद्धा जहाजाच्या क्रूसाठीच आहे. मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं: पगार आधी हो ची मिन्हच्या खात्यात घ्या, तिथून घरी पाठवा. इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि एवढ्या एका रेघेसाठी मी या ऑफिसचा ऋणी आहे.

मग दिवसांचा हिशेब. नोकरीसाठी बाहेर असलेल्या भारतीय नागरिकाला सर्वसाधारणपणे १८२ दिवसांची मर्यादा: वर्षात भारतात त्याहून कमी दिवस राहिलात तर करासाठी अनिवासी. पण भाडं, व्याज, शेअर असं इथलं उत्पन्न १५ लाखांवर गेलं आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस इथे झालेले असले, तर तीच मर्यादा १२० वर येते. दहा दिवस गुणिले बारा म्हणजे १२० तिथेच झाले, वार्षिक रजा वेगळी. मॅडम येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस भारतात धरतात. सावध माणसाने तसंच धरावं. मुंबईचा लेओव्हर (दोन फ्लाइटच्या मधला मुक्काम) पडला की घराचं तोंड न बघताही तो दिवस भारताच्या खात्यात. १२० भरले पण १८२ च्या आत राहिलात तर 'निवासी पण सामान्य निवासी नाही' हा दर्जा मिळतो आणि बाहेरचा पगार इथल्या करातून सुटतो, हेही त्यांनी समजावलं. उगाच घाबरवलं नाही.

पुराव्याच्या बाबतीत मात्र त्या कडक आहेत. क्रू म्हणून जनरल डिक्लेरेशनवर (विमानाच्या क्रूच्या नावांचा अधिकृत कागद) आलात तर पासपोर्टवर शिक्का असेलच असं नाही, आणि अहमदाबादला जानेवारी २०२५ पासून ई-गेट (इमिग्रेशनचं स्वयंचलित दार) आहे, त्यातून गेलं की शिक्का नाहीच. म्हणून त्यांच्याकडचा आर्टिकलचा (सीएचं प्रशिक्षण घेणारा) मुलगा प्रत्येक फेरीचा बोर्डिंग पास, रोस्टरची ओळ आणि पासपोर्टचं पान समोरासमोर लावून तक्ता करतो. माझ्या तक्त्यात एका मध्यरात्रीच्या फ्लाइटची तारीख त्याने तीनदा विचारली. रात्री बाराच्या आधी चाकं टेकली की नंतर, यावर एक दिवस इकडचा तिकडे होतो.

एखाद्या वर्षी भारतात १८२ दिवस भरले, तर? व्हिएतनाम १८३ दिवसांवर आपल्याला निवासी धरतं, वरचा दर ३५ टक्के. दोन्हीकडे निवासी ठरलात की दुहेरी कर टाळण्याचा करार आधी कायमचं घर बघतो, मग कुटुंब आणि आर्थिक संबंध. माझ्या बाबतीत काटा बडोद्याकडेच झुकणार. मग तिकडे भरलेल्या कराची वजावट फॉर्म ६७ भरून मागायची. बहुतेक कंत्राटं 'नेट' असतात, कर कंपनी भरते, आणि आपल्या हातात कागदच नसतो. मॅडम दर जानेवारीत मेसेज करून माझ्या नावाचं कर कापल्याचं प्रमाणपत्र मागवायला लावतात, कारण तिकडचं करवर्ष डिसेंबरला संपतं आणि आपलं मार्चला. सामान्य निवासी झालात तर हो ची मिन्हचं खातं रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवावं लागतं, हेही आधीच बजावतात.

उणी बाजू व्हिसाची. ते काम इथे होत नाही. वर्क परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं, त्यावर टेंपररी रेसिडेन्स कार्ड, आणि त्यासाठी पदवी व पोलीस क्लिअरन्सवर परराष्ट्र मंत्रालय आणि व्हिएतनामी वकिलात असे शिक्के. माझ्या वेळी अपोस्टिलवर (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा एकच शिक्का) भागत नव्हतं. ही धावपळ मला वेगळ्या एजंटकडून करून घ्यावी लागली. एकाच छपराखाली झालं असतं तर फार बरं होतं. पण तिकडे भाड्याचं घर घेतलं की त्याने करातलं निवासीपणही ठरू शकतं, ही सूचना मॅडमनीच दिली. एजंटच्या ते गावीही नव्हतं.

फी साध्या पगारी रिटर्नच्या तिपटीहून जास्त आहे. मला ती रास्त वाटते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फोन लागत नाही, त्यामुळे मे-जूनमध्येच जा. वरचे कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आहे, तेव्हा नवे आकडे तिथेच विचारा. सुरसागर तलावाकडून चालत जा, गल्लीत गाडी लावायला जागा नाही. शनिवारी दुपारनंतर बंद.