स्मार्ट कुलूप कोणाच्या हाती द्यावं: कंपनीचा माणूस, चावीवाला की सुतार मेस्त?

चवथीचे पाच दिवस गावच्या घरी काढून रात्री साडेदहाला पर्वरीच्या फ्लॅटवर पोचलो, तर दार बोट ओळखेना. ओळखणार कसं, पॅडच लागत नव्हता. एका हातात नेवऱ्यांचा डबा, खांद्यावर झोपलेला मुलगा, आणि कुलपासोबत मिळालेली साधी चावी कुठे, तर आत, कपाटात. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आपल्या मल्टिमीटरमधली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढून दिली. कुलपाच्या बुडाशी दोन बारीक टिकल्या असतात, त्यांना ती टेकवून धरली, पॅड उजळला, बोट ठेवलं आणि दार उघडलं.

बॅटऱ्या महिन्याभरापूर्वीच घातलेल्या. इतक्या लवकर कशा संपल्या? कंपनीच्या माणसाने फोनवरच सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल. चावीवाला म्हणाला, कुलूपच बदला, हे मॉडेल असंच. तिसरा आला आमचा सुतार मेस्त. त्याने दार उघडं ठेवून मला कोड दाबायला लावला. बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा कुलपाचा दांडा, सरकन बाहेर आला. मग दार लावून तेच केलं, तर मोटर कण्हली. पावसात दार फुगलं होतं आणि वरची बिजागरी सैल पडून ते जरा उतरलंही होतं. बोल्ट चौकटीवरच्या पट्टीला घासत होता आणि प्रत्येक वेळी मोटर जोर लावून बॅटरी खात होती. कानस, थोडा रंधा, दोन लांब स्क्रू. वीस मिनिटांचं काम.

ही उघड्या दाराची चाचणी कोणालाही बोलावण्याआधी घरीच करून पाहा. उघड्या दारात कुलूप नीट चालतं आणि बंद दारात अडतं, तर दोष दाराचा. दोन्हीकडे अडतं, तर कुलपाचा. कोणाला बोलवायचं हे निम्मं तिथेच ठरतं.

नवं कुलूप बसवायचं असेल आणि दार फ्लॅटचं साधं एकफळी असेल, तर मी कंपनीचाच माणूस घेईन. गोदरेज, येल वगैरेंच्या कुलपांसोबत भोकं पाडायचा कागदी साचा येतो. हा माणूस तेच काम रोज करतो, आणि वॉरंटीवरून पुढे वाद होत नाही. बाहेरच्याने भोक चुकवलं तर कंपनी हात वर करते. अडचण दोन ठिकाणी. ऑनलाइन कुलूप गोव्यात कुठेही पोचतं, पण ते बसवणारा पोचेलच असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आपला ४०३ ने सुरू होणारा पिनकोड सांगून विचारा, माणूस कुठून येणार, किती दिवसांत, आणि दुरुस्तीलाही तोच येणार का. पणजीत राहणाऱ्याला हा प्रश्न फालतू वाटेल, वाळपई-काणकोणवाल्याला वाटणार नाही. दुसरं म्हणजे तो कुलूप बसवायला आलेला असतो, दार सरळ करायला नव्हे. उतरलेल्या दारावरही तो साच्याप्रमाणे बिनचूक भोक पाडून जाईल.

चावीवाल्याची खरी किंमत रात्री कळते. तो तासाभरात येतो, कुलपाचा सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो भाग, बदलतो, चावीची नक्कल काढून देतो. दार अडलं असेल तर पहिला फोन त्यालाच. पण आल्या आल्या तो काय करतो ते बघा. शहाणा चावीवाला आधी विचारतो, घर तुमचंच ना, शेजारी ओळखतात का. मग बाहेरून वीज देऊन पाहतो. काही कुलपांना त्यासाठी टिकल्यांऐवजी चार्जरची पिन लागते. थेट ड्रिल काढणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आणि आतला बोर्ड मात्र त्याला उघडू देऊ नका. तिथे त्याचाही अंदाजच असतो, खर्च आपला.

आता जुनी घरं. डिचोली, पेडणे, फोंड्याकडच्या घरांना दोन फळ्यांचं जाड सागवानी किंवा फणसाचं दार असतं, वर नक्षीच्या पट्ट्या, आत अडसर. बहुतेक स्मार्ट कुलपं साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर जाडीच्या दारासाठी असतात. आधी फूटपट्टी लावा. दुसरी फळी वरखालच्या कड्यांनी घट्ट नसेल तर कितीही महागडं कुलूप घ्या, ढकललं की दोन्ही फळ्या हलतात. अशा दारात खोबणी कोरून बसवायचं मॉर्टिस घेण्यापेक्षा आतून वर बसणारं रिम लॉक बरं. लाकूड कमी कापावं लागतं आणि उद्या नको झालं तर दार वाचतं. इथे आधी मेस्त, मग कंपनीचा माणूस, आणि जमल्यास दोघे एकाच दिवशी. मेस्ताची मजुरी वर जाते, पण शंभर वर्षांच्या दारात चुकीचं भोक पडलं की ते बुजवता येत नाही. मेस्ताला ॲप जोडायला मात्र सांगू नका, तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल.

दार पावसाळा उलटून सुकलं की मगच घासून घ्यावं असं आमचा मेस्त म्हणतो. भर पावसात जास्त घासलं तर उन्हाळ्यात फट पडते. म्हणून माझ्या दाराचं त्याने अडण्यापुरतंच काढलं, बाकीचं दिवाळीनंतर.

किनाऱ्यालगत, कळंगुट-कोलव्याकडे घर असेल तर बसवणारा कोणीही असो, स्क्रू स्टेनलेसचेच लावून घ्या. खारा वारा साध्या स्क्रूंना सोडत नाही. बॅटऱ्या अल्कलाइनच. रिचार्जच्या सेलचा व्होल्टेज मुळातच कमी, त्यामुळे कुलूप उगाच आधीपासून टिवटिवत राहतं.

काम संपल्यावर माणसाला घाईने वाटेला लावू नका. ॲप तुमच्याच नंबरवर उघडलंय ना ते पाहा. त्याने 'नंतर बदला' म्हणत स्वतःच्या फोनवर जोडलं तर मालक तो ठरतो. कारखान्यातून आलेला मास्टर कोड त्याच्यादेखत नव्हे, तो गेल्यावर बदला, आणि चाचणीसाठी दिलेलं त्याचं बोट पुसून टाका. पाहुण्यांना घर भाड्याने देणाऱ्यांनी तर दर मुक्कामाला नवा कोड द्यावा. मुळात त्यासाठीच हे कुलूप घेतलेलं असतं.

घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांची बोटं बसवतानाच नोंदवून पाहा. माझ्या आईचं बोट नारळ खवून आणि विळीवर झिजून असं झालंय की यंत्र तीनदा नाही म्हणतं. तिला कोड दिलाय. गावच्या घरी रात्री ती कोड-बिड काही न बघता आतून अडसर घालते, आणि मग उशिरा पोचलेला मी ॲप हातात धरून बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, उभा राहून हाका मारतो. साधी चावी मी आता पर्वरीला खालच्या शेजाऱ्यांकडे ठेवलीय, त्यांच्या मल्टिमीटरशेजारी.