धातूच्या किटमधून वाफेचं इंजिन: वाकवायचं, चिकटवायचं, डाख द्यायचा की वाफ धरायची?

वाफेच्या इंजिनाचं धातूचं मॉडेल स्वतःच्या हातानं बांधायचं म्हणून कोल्हापुरातला माणूस इंटरनेटवर शोधायला बसला, की त्याच्यासमोर आधी इंजिनांची चित्रं येतात. मग कुठलं इंजिन देखणं यावरच घोडं अडतं. माझ्या मते निवड तिथून सुरूच करू नये. आधी ठरवायचं ते हे, की तुकडे एकमेकांना जोडायचे कसे. इंजिन कुठलंही घ्या, पुढचे कित्येक महिने हात तेच एक काम करत राहणार आहेत. ते काम आवडलं नाही तर कितीही देखणं इंजिन अर्ध्यावर खोक्यात जातं.

सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारा प्रकार म्हणजे पातळ पोलादी पत्र्याची किटं. मेटल अर्थ या नावानं ती आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. पत्र्यातून भाग सोडवायचे, बारीक कान खाचेत घालून चिमट्यानं पिळायचे. डिंक नको, सोल्डर नको. दोन संध्याकाळींत कपाटात ठेवण्याजोगं काहीतरी तयार होतं. पण ते रुळावर चालायला केलेलं नसतं, आणि पुढच्या कुठल्याही प्रकाराची तयारी त्यातून होत नाही. भाच्याच्या वाढदिवसाला द्या. स्वतःसाठी मात्र त्यावर थांबू नका.

खरी तुलना उरलेल्या तिघांत आहे: व्हाइटमेटलची ओतीव किटं, एचिंग केलेल्या, म्हणजे आम्लानं कोरलेल्या, पितळी पत्र्याची किटं, आणि खऱ्या वाफेवर चालणारी, नटबोल्टनं जुळवायची किटं.

व्हाइटमेटल म्हणजे प्रामुख्यानं कथलाचा मिश्रधातू, जुन्या किटांत शिसंही बऱ्यापैकी. गरगर फिरणाऱ्या रबरी साच्यात तो ओततात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नोकरी केलेल्या माणसाला खोकं उघडताच हे भाग ओळखीचे वाटतील: साच्याची रेघ, कडेला आलेला पापुद्रा, थोडा वाकलेला फूटप्लेट, म्हणजे बॉयलरखालची सपाट पट्टी. म्हणजे पहिलं काम फेटलिंगचंच, ओतीव भाग घासून साफ करण्याचं, फक्त ग्राइंडरऐवजी बारीक कानशीनं. भाग जाड असतात, बॉयलरची गोलाई तयार मिळते आणि इंजिन वजनदार होतं. वजन असलं की चाकं घसरत नाहीत आणि डबे चांगले ओढले जातात. जोडायला अरल्डाइट चालतं. म्हणूनच नवख्याला नेहमी सांगतात, की सुरुवात व्हाइटमेटलनं कर.

मला हा सल्ला पटत नाही. एकतर अरल्डाइट घट्ट होईपर्यंत भाग काटकोनात धरून ठेवणं हे सोल्डरपेक्षा चिकाटीचं काम आहे, आणि चुकलेला जोड उकलणं त्याहून किचकट. सोल्डर करायचं म्हटलं तर साधं ६०-४० सोल्डर १८३ ते १९० अंशांना वितळतं, सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या कितीतरी पुढे असतं, आणि चिमणीसारखा बारीक भाग त्या टोकाखाली बघता बघता गोळा होतो. त्यासाठी ७० अंशांना वितळणारं खास सोल्डर लागतं आणि आयर्नचं तापमान खाली आणता यावं लागतं. शिवाय ते सोल्डर पितळेला थेट धरत नाही. पितळेवर आधी साध्या सोल्डरचा पातळ थर द्यावा लागतो, मग त्यावर हे बसतं. चालतं इंजिन हवं तर अशा बहुतेक किटांत खालची चौकट पितळी पत्र्याचीच असते. म्हणजे पितळेपासून सुटका नाहीच.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, ओळख असणाऱ्यांना इथेच एक सांगून ठेवतो. व्हाइटमेटलचं काम सोनाराच्या पाटावर नेऊ नका आणि त्याची कानस उसनी मागू नका. शिशाचा कण सोन्या-चांदीबरोबर तापला की तो त्यात शिरतो आणि दागिन्याला खड्डे पडतात. जाणता कारागीर तुम्हाला दारातच थांबवेल, आणि त्याचं बरोबर आहे. घरीसुद्धा या धातूसाठी कानस वेगळी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा, आणि कीस लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता पितळ. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यावर इंजिनाचा नकाशा उमटवून आम्लानं नको तो भाग खाऊ देतात. पत्रा साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जाड. जिथं आरपार खाल्लं तिथं भाग सुटतो, जिथं अर्ध्या जाडीपर्यंतच खाल्लं तिथं घडीची रेघ राहते. ही रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवून वाकवली की काटकोन आपोआप येतो. मग आतून त्या रेघेत सोल्डर ओढलं की कोपरा पक्का. रिव्हेटसुद्धा असेच: पत्र्याच्या पाठीमागे अर्धवट खाल्लेले ठिपके असतात, त्यांवर टोकदार पंच ठेवून हलकेच दाबलं की पुढे घुंडी उठते. पाण्याच्या टाकीच्या एका बाजूला अशा शेकडो घुंड्या असू शकतात. कंटाळवाणं काम आहे. पण रंग चढल्यावर इंजिन खरं वाटतं ते त्यांच्यामुळेच.

डाख देणं, म्हणजे सोल्डर करणं, लोकांना वाटतं तितकं अवघड नाही. पितळ उष्णता पळवून नेतं, त्यामुळे कमी वॅटचं आयर्न घेऊन जास्त वेळ टेकवण्यापेक्षा दमदार आयर्न क्षणभर टेकवलेलं बरं. ओ स्केलच्या, म्हणजे मोठ्या मापाच्या मॉडेलच्या, पत्र्याला ५० वॅट किंवा त्याहून जास्त लागतंच. सोल्डर नीट धरावं म्हणून जोडावर लावायचं फ्लक्स म्हणजे सौम्य फॉस्फोरिक आम्ल. पत्रा स्वच्छ असला की सोल्डर पाण्यासारखं फटीत धावतं. दिवसाचं काम संपलं की सगळं पाण्यानं धुऊन कोरडं करायचं, नाहीतर सकाळी जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर हा नियम मोडूच नका. आणि जोड चुकला तर? पुन्हा तापवायचा, सोडवायचा, पुन्हा बसवायचा. व्हाइटमेटल आणि अरल्डाइटमध्ये ही मोकळीक नाही. नवख्यासाठी पितळ बरं असं मी म्हणतो, ते मुख्यतः यासाठीच.

पितळी किटाची खरी परीक्षा खालच्या चौकटीत असते. दोन बाजूंच्या पट्ट्या एकमेकींना समांतर, आणि धुऱ्यांच्या मधलं अंतर जोडदांड्यांच्या भोकांमधल्या अंतराशी तंतोतंत जुळलेलं हवं. म्हणून धुऱ्यांची बेअरिंगं बसवताना मोजपट्टीवर विसंबत नाहीत, जोडदांडाच माप म्हणून वापरतात. त्यानंतर एका बाजूच्या चाकांचे क्रँक दुसऱ्या बाजूपेक्षा ९० अंशांनी पुढे, आणि सगळ्या धुऱ्यांवर सारखेच. मोटर बसवायच्या आधी चौकट काचेवर ठेवून बोटानं ढकलायची. एका फेऱ्यात एकाच जागी अडकत असेल तर त्या जागी कुठला दांडा ताठ होतो ते बघून त्याचं भोक केसभर मोठं करायचं. इथं घाई केली तर पुढे मोटर कितीही चांगली लावा, इंजिन लंगडतच चालणार.

बाहेरून वाल्शर्ट्स व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणारी दांड्यांची रचना) असलेलं इंजिन पहिल्यांदा घेऊ नका. ते बारीक दांडे एकमेकांत हलते ठेवून रिव्हेट करावे लागतात, सोल्डर आत झिरपून सांधा जाम होऊ नये म्हणून मध्ये तेल लावलेला कागद घालावा लागतो. सिलिंडर आतल्या बाजूला असलेलं ०-६-०, म्हणजे फक्त सहा जोडलेली चाकं असलेलं, टाकीवालं इंजिन घ्या. ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं ५७०० जातीचं पॅनिअर टँक हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. अशी ८६३ इंजिनं बांधली गेली, त्यामुळे फोटो आणि आराखडे मुबलक सापडतात.

चौथा प्रकार, खरी वाफ. इंग्लंडच्या राउंडहाउस कंपनीसारखे निर्माते यंत्रकाम पूर्ण केलेले भाग देतात. तांब्याचा बॉयलर चांदीच्या डाखानं जोडलेला आणि तपासलेला येतो. आपल्याकडे उरतं ते स्क्रू-ड्रायव्हर, पाने आणि पक्कड घेऊन जुळवणं. भाग पितळी किटाइतके बारीक नसतात, डोळ्यांना ताण कमी. ब्यूटेन गॅसवर पाणी तापतं आणि एका भरणीत इंजिन साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास धावतं. दाब साधारण ४० पीएसआय, म्हणजे स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी मारतो त्याच्या अडीचपटीहून जास्त. त्यामुळे ‘आपल्याकडे हुपरीत चांदीचे एवढे कारागीर आहेत, बॉयलर इथंच करून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. हात कितीही बसलेला असो, दाबाच्या भांड्याला तपासणी लागते. गॅसचे डबे विमानानं येणाऱ्या कुरिअरमध्ये चालत नाहीत, ते इथंच शोधावे लागतात. आणि हा खेळ गच्चीवरचा, म्हणजे पावसाळ्यात बंद. किंमत चौघांत सर्वांत चढी.

आता गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, कारण आपल्या भागातल्या माणसाला शेवटी आपली गाडी हवी असते. शाहू महाराजांच्या काळात, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली ती मीटर गेजची. मिरजेत तर एके काळी ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अशा तिन्ही गेज होत्या. भारतीय ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. फुटाला ४ मिलिमीटर या स्केलमध्ये ती २२ मिलिमीटर होते, आणि त्या स्केलचा तयार ओओ ट्रॅक मात्र १६.५ चा. डब्ल्यूपीसारखं ब्रॉड गेजचं वाफेचं इंजिन त्यावर ठेवलं की समोरून अंग रुंद आणि पाय आखूड दिसतात. मीटर गेजसाठी १:८७ मध्ये १२ मिलिमीटरचा ट्रॅक मिळतो, स्वित्झर्लंडच्या मीटर गेज गाड्यांमुळे. वायपी, वायजी या मीटर गेज इंजिनांच्या स्वप्नाला तो चालेल. बार्शी लाइटसाठी सगळ्यात सोयीचं गणित ओ स्केलमध्ये जमतं: १:४८ धरलं तर १६.५ मिलिमीटरचा तोच ओओ ट्रॅक ७९२ मिलिमीटरचा होतो, खरी गेज ७६२. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. माथेरानची दोन फुटी गाडी हवी असेल तर फुटाला १६ मिलिमीटर या स्केलमध्ये बरोबर ३२ मिलिमीटरचा ट्रॅक लागतो, आणि खऱ्या वाफेची छोटी किटं त्याच मापाची असतात. मात्र भारतीय इंजिनांची धातूची किटं सहज मिळत नाहीत. बरीचशी ब्रिटिश इंजिनांचीच असतात, हे मनाशी धरून चला.

माझा कौल असा. वय झालंय, डोळे थकलेत, पण गच्ची आणि पैसा आहे, त्यानं खरी वाफ घ्यावी. ज्याला फक्त कपाट सजवायचंय त्यानं पोलादी पत्र्याचं किट. बाकी सगळ्यांनी, विशेषतः कोल्हापुरात राहणाऱ्यांनी, पितळ. बारीक करवतीची पाती आणि चिमटे गुजरीत मिळतात, आणि बेअरिंगची बुशी एखाद्या मापाची कमी पडली तर उद्यमनगरात लेथवर करून देणारा माणूस सापडतो. ही सोय मोठ्या शहरांतल्या बऱ्याच हौशी लोकांना नाही. ओ स्केल मोठं आणि हाताला सोपं, पण मोठ्या इंजिनाला सहा फूट त्रिज्येचं वळण लागतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर लहान टाकीवालं इंजिन किंवा ४ मिलिमीटर स्केल.

पैसे भरण्याआधी एक तपासा: किटच्या किमतीत चाकं, मोटर आणि गिअरबॉक्स बहुधा धरलेले नसतात. किती व्यासाची, किती आऱ्यांची चाकं लागतात हे सूचनापत्रकात दिलेलं असतं. ते पत्रक विक्रेत्याकडून आधी मागवून घ्या आणि सगळं एकाच खेपेला बोलवा, कारण दुसऱ्या खेपेला कुरिअर आणि कस्टम पुन्हा भरावं लागतं. खेप दिवाळीनंतर येईल अशी बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत स्प्रेचा प्रायमर तसाही पांढरा पडतो.