डॉलरचा सौदा: सेबीचा ब्रोकर की परदेशी ॲप?

रावेरहून आखातात केळी पाठवणाऱ्याचे 20,000 डॉलर दोन महिन्यांनी यायचे असतील, तर सेबी या बाजार नियामकाकडे नोंदणी असलेल्या ब्रोकरमार्फत एनएसई या शेअर बाजारात डॉलर फ्युचरचे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्याचे, 20 लॉट विकून भाव बांधता येतो. एक लॉट 1,000 डॉलरचा. भाव 25 पैसे हलला की 20 लॉटवर 5,000 रुपयांचा फरक, तोही रोजच्या रोज खात्यात वळता. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेली अनामत, कमी पडलं तर ब्रोकर सौदा कापतो, म्हणून थोडी रोकड हाताशी हवीच. मात्र मे 2024 पासून खरं डॉलरचं येणं-देणं नसेल तर इथे सौदा करता येत नाही.

ही अट नाही म्हणून जळगाव-धुळ्यातली पोरं परदेशी ॲपकडे वळतात. तिथे 500 पट लिव्हरेज मिळतं. म्हणजे 10,000 रुपयांवर 50 लाखांचा सौदा, आणि भाव 0.2 टक्के उलटा गेला की खातं साफ! शिवाय असल्या मार्जिनसाठी पैसे देशाबाहेर पाठवणं फेमा या परकीय चलन कायद्यात बसत नाही. पैसे भलत्याच माणसाच्या यूपीआयवर मागितले, किंवा काढताना ‘आधी टॅक्स भरा’ म्हटलं, तर तिथेच थांबा.

ब्रोकरचा आयएनझेडने सुरू होणारा नंबर सेबीच्या साइटवर तपासा, ॲपचं नाव रिझर्व्ह बँकेच्या अलर्ट लिस्टमध्ये, म्हणजे विनापरवाना फॉरेक्स ॲपच्या यादीत. यादीत नाव नसणं म्हणजे परवानगी नव्हे.